जुनी टिपमन ९८ दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायोत राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका गराज सेलमध्ये मी ४० डॉलरला जुनी टिपमन ९८ कस्टम घेतली, म्हणजे गॅसच्या जोरावर रंगाच्या गोळ्या झाडणारी पेंटबॉल गन. विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं होतं, "चालत नाही, मुलगा कॉलेजला गेला तेव्हापासून पडून आहे." सिलिंडरच्या तोंडावरची रबरी कडी वाळून तडकली होती, एवढंच. ती बदलली आणि बंदूक सुरू झाली. तेव्हापासून ओळखीतल्या मराठी कुटुंबांतली मुलं आणि ऑफिसातले सहकारी आपापल्या बंद पडलेल्या पेंटबॉल गन घेऊन माझ्या गराजमध्ये येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. उत्तरं टिपमन ९८ धरून दिली आहेत, कारण दहातल्या सात जणांच्या हातात तीच असते.

जुनी गन हातात आली. सगळ्यात आधी काय तपासू?

गन बाजूला ठेवा आणि सिलिंडर, म्हणजे गॅसची बाटली, हातात घ्या. गन बिघडली तर खेळ थांबतो. सिलिंडर बिघडला तर जीव जाऊ शकतो, आणि अमेरिकेत तसे मृत्यू झालेले आहेत.

कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीच्या तोंडाशी एक पितळी व्हॉल्व्ह असतो. तो बाटलीत आट्यांनी बसवलेला असतो आणि त्याच्या वरच्या आट्या गनमध्ये जातात. म्हणजे आट्यांचे जोड दोन. आपण बाटली गनमधून सोडवतोय असं समजून फिरवत राहतो आणि प्रत्यक्षात बाटलीच व्हॉल्व्हपासून सुटत जाते. शेवटची आटी सुटली की आतल्या दाबाने बाटली रॉकेटसारखी उडते. व्हॉल्व्ह आधी कुणीतरी काढून पुन्हा नीट न चिकटवता बसवला असेल तर हा धोका वाढतो, आणि जुन्या बाटलीचा पूर्वेतिहास आपल्याला कधीच कळत नाही.

उपाय सोपा आहे. नेलपॉलिशने एक उभी रेघ ओढा, अर्धी व्हॉल्व्हवर आणि अर्धी बाटलीवर. बाटली सोडवताना नजर त्या रेघेवर ठेवा. दोन्ही तुकडे एकत्र फिरले पाहिजेत. रेघ तुटलेली दिसली तर हात तिथेच थांबवा, फिरवू नका, आणि गन बाटलीसकट पेंटबॉलच्या दुकानात किंवा मैदानावरच्या जाणकाराकडे न्या. बाटलीचं कुठलंच टोक स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे रोखलेलं नको.

मग बाटलीवर ठोकलेली तारीख शोधा. मोठ्या बाटल्यांची दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते. २ इंचांपेक्षा कमी व्यासाच्या छोट्या बाटल्यांना त्यातून सूट आहे. तारीख उलटून गेली असेल तर चांगलं दुकान बाटली भरून देणारच नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. खोल ओरखडा, पोचा, आगीत रंग जळाल्याची खूण यांतलं काहीही दिसलं तर बाटली भंगारात. नवी बाटली फार महाग नसते. सगळ्या दुरुस्तीत काटकसर करा, इथे करू नका.

टिपमन ९८ इतकी सगळीकडे का दिसते? ती घ्यावी का?

घ्यावी, डोळे मिटून. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी टिपमन कुटुंबाने १९८६ साली पेंटबॉल गन बनवायला सुरुवात केली. त्याआधी ते मशीनगनच्या अर्ध्या आकाराच्या प्रतिकृती बनवायचे. त्यामुळे धातूकाम आणि मजबुती त्यांच्या हातातच होती. मॉडेल ९८ आलं १९९८ साली. त्यानंतर आलेली ९८ कस्टम इतकी खपली की भाड्याने गन देणारी मैदानं वर्षानुवर्षं तीच वापरत राहिली. भाड्याची गन म्हणजे दर शनिवारी नव्या माणसाच्या हातात, चिखलात, दगडांवर. तिथे जी टिकते ती घरच्या गराजमध्ये पंधरा वर्षं पडून राहिली तरी मरत नाही. तिचे रबर मरतात.

खेळाचा उगमही अशाच साध्या, राकट वस्तूत आहे. पहिल्या खेळात वापरलेली नेल्स्पॉट ००७ ही गन झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली होती. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे १२ जण जंगलात उतरले आणि एकमेकांपासून लपत झेंडे गोळा करू लागले. जो जिंकला त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही. नवख्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

आत नेमकं काय घडतं? ते कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करू?

अगदी बरोबर. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे बिघाड नुसत्या आवाजावरून कळतात.

आत दोन बोल्ट असतात, पुढचा आणि मागचा, आणि एक लोखंडी दांडी त्यांना जोडते. दोघांच्या मधे व्हॉल्व्ह. तुम्ही हँडल मागे ओढता तेव्हा मागचा बोल्ट जाड स्प्रिंग दाबत मागे जातो आणि सीअर नावाच्या खटक्यात अडकतो. पुढचा बोल्टही दांडीमुळे मागे सरकतो आणि हॉपरमधून, म्हणजे वरच्या गोळ्यांच्या डब्यातून, एक गोळी खाली पडते. ट्रिगर ओढला की खटका सुटतो, स्प्रिंग मागच्या बोल्टला पुढे फेकते, पुढचा बोल्ट गोळीला बॅरलच्या तोंडात ढकलतो आणि त्याच क्षणी मागचा बोल्ट व्हॉल्व्हच्या पिनवर आदळतो. गॅस सुटतो. पुढे गेलेला गॅस गोळी उडवतो, मागे आलेला गॅस मागच्या बोल्टला परत ढकलून खटक्यात अडकवतो. म्हणजे एकदा हाताने कॉक केली, बोल्ट मागे ओढून खटक्यात अडकवला, की पुढे ती गॅसच्या जोरावर स्वतःच कॉक होत राहते.

ही साखळी लक्षात ठेवा: स्प्रिंग, पिन, गॅस, परत खटका. बिघाड या चारपैकी कुठल्यातरी एका जागी असतो.

बाटली जोडली की जोडाशीच फुसफुस ऐकू येते.

बाटलीच्या तोंडावरची ओ-रिंग, म्हणजे ती रबरी कडी. दहापैकी आठ वेळा हेच, आणि सगळ्यांत स्वस्त दुरुस्तीही हीच. माप ०१५, दुकानात "टँक ओ-रिंग" म्हणून मागा. साधी काळी रबरी कडी कार्बन डायऑक्साइड शोषून फुगते आणि चिरते. युरेथेनची घ्या, ती जास्त टिकते. एकदम दहा घ्या आणि पाच गनच्या पिशवीत टाकून ठेवा. मैदानावर कुणाला ना कुणाला लागतेच.

कडी बदलूनही आवाज येत असेल तर गनच्या मुठीखालून पुढे जाणारी विणलेली पोलादी नळी तपासा. लहानपणी घरी नवा गॅस सिलिंडर लावला की आई जोडाला साबणाचं पाणी लावून बघायची. इथेही तेच करा. फेस जिथे फुगेल तिथे गळती. जोड घट्ट करण्याआधी बाटली काढा आणि नळीतला गॅस संपवा. आट्यांना नळकाम करणाऱ्यांची पांढरी टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. द्रवरूप थ्रेड सीलंट वापरा आणि ते सुकायला वेळ द्या.

गॅस बॅरलमधून सतत बाहेर येतो.

आधी सांगा, बाटली जोडताना गन कॉक केली होती का? नसेल तर मागचा बोल्ट व्हॉल्व्हच्या पिनवर टेकलेला असतो, व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि गॅस पुढून निघून जातो. टिपमनचा क्रम ठरलेला आहे: कॉक करायची, सेफ्टी लावायची, मग बाटली जोडायची. अनेकांची "बिघडलेली" गन या एका वाक्याने दुरुस्त झाली आहे.

कॉक केलेली असूनही गळत असेल तर व्हॉल्व्हच्या आतल्या सीलवर कचरा बसला आहे किंवा ते झिजलं आहे. बाटलीच्या जोडात दोन-तीन थेंब तेल टाका, बाटली जोडा आणि गोळ्या न भरता पंधरा-वीस वेळा झाडा. कचरा असेल तर उडून जातो. नाही थांबलं तर व्हॉल्व्ह बदला. तो आख्खा मिळतो आणि तसाच बदललेला बरा. आतलं सील उकरून बसवण्यात एक रविवार जातो आणि सोमवारी पुन्हा गळती.

एकदा उडते, पण पुन्हा कॉक होत नाही.

साखळी आठवा. मागे आलेला गॅस मागच्या बोल्टला पुरेसा ढकलत नाही. बाटली जवळजवळ रिकामी आहे का, ते आधी बघा. भरलेली असेल तर मागच्या बोल्टवरची ओ-रिंग कोरडी पडली आहे किंवा तुटली आहे, त्यामुळे गॅस बाजूने निसटतो. कडी बदला, बोटाने तेलाचा पातळ थर द्या. बोल्टचा दांडा आणि आतली भिंत स्वच्छ पुसा. जुना रंग तिथे वाळून गुळासारखा चिकटलेला असतो आणि बोल्ट त्यात अडखळतो.

ट्रिगर एकदा ओढला तर तडतडत सुटते, थांबतच नाही.

आधी बाटली तपासा. गॅस कमी उरला की मागचा बोल्ट खटक्यापर्यंत पोचत नाही, अर्ध्यातून परत येतो आणि पुन्हा पिनवर आदळतो. भरलेल्या बाटलीवरही तेच होत असेल तर गोष्ट गंभीर आहे. सीअरची कड किंवा सीअर जिथे अडकतो ती बोल्टवरची खाच झिजून गोल झाली आहे, किंवा सीअरची स्प्रिंग गेली आहे. कानशीने कड घासून "धार लावण्याचा" सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही. खटका जरा चुकीच्या कोनात घासला गेला तर सेफ्टी लावलेली असतानाही गन सुटू शकते. दोन्ही भाग नवे घ्या. बसवल्यावर गॅस न जोडता कॉक करा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबून बघा. काही हललं तर ती गन मैदानावर न्यायची नाही.

गोळ्या आतच फुटतात.

इथे गनला दोष देण्याआधी गोळ्यांकडे बघा. पेंटबॉल म्हणजे औषधाच्या मऊ कॅप्सूलचीच बहीण, आणि सुरुवातीच्या गोळ्या तशा कॅप्सूल बनवणाऱ्या यंत्रांवरच तयार झाल्या. बाहेर जिलेटिनचं कवच, आत पाण्यात धुऊन निघणारा रंग. जिलेटिन दमट हवेत पापडासारखं सादळतं, थंडीत ठिसूळ होतं, आणि पिशवी महिनोन्‌महिने एकाच अंगावर पडून राहिली तर गोळी एका बाजूने चपटी होते. टेबलावर घरंगळवून बघा. डुगडुगत गेली तर आख्खी पिशवी टाकून द्या.

गोळ्या ताज्या असतील तर बॅरल उजेडाकडे धरून आत बघा. एका फुटलेल्या गोळीचा रंग राहिला की पुढच्या दहा फुटतात. कापडी पुलर ओढून बॅरल पूर्ण कोरडं करा. मग बॉल लॅच बघा, म्हणजे गोळीला पुढे घरंगळण्यापासून अडवणारा तो छोटा रबरी तुकडा. तो झिजला की एकाऐवजी दोन गोळ्या आत येतात किंवा गन खाली झुकवताच गोळी बॅरलमधून बाहेर पडते. तुकडा नखाएवढा आहे, पण गन जुनी म्हटलं की मी तो न बघताच बदलतो.

शेवटचं कारण वेग. हॉपरमधून गोळ्या नुसत्या वजनाने पडत असतील आणि तुम्ही भराभर ट्रिगर ओढत असाल, तर अर्धी पडलेली गोळी बोल्टखाली कापली जाते. दमाने झाडा, किंवा मोटर असलेलं हॉपर घ्या.

उघडताना स्प्रिंग उडून हरवते. कशी उघडू?

बाटली काढलेली, हॉपर काढलेलं, गन कॉक न केलेली. या तीन गोष्टी झाल्याशिवाय अ‍ॅलन की हातात घ्यायची नाही. बाटली काढल्यावरही नळीत गॅस उरतो, म्हणून सुरक्षित दिशेला रोखून आवाज थांबेपर्यंत झाडून घ्या.

जुन्या ९८चं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या दोन अर्ध्या भागांचं असतं, शेंगेसारखं. स्क्रू काढा, गन आडवी ठेवा आणि वरचा भाग सरळ वर उचला. तिरका उचललात तर सीअर, ट्रिगर आणि त्यांच्या पिना जागच्या हलतात. खाली पांढरा टॉवेल अंथरा, काळ्या पिना त्यावर दिसतात आणि घरंगळत नाहीत. मागची मोठी स्प्रिंग दाबलेली असते, तिच्यावर अंगठा ठेवा. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. जोडताना ट्रिगरची बारीक स्प्रिंग कुठल्या बाजूला होती हे आठवणीवर सोडू नका.

स्क्रू हलत नसेल तर जोर लावण्याआधी अ‍ॅलन की खाचेत पूर्ण बसली आहे का बघा, खाचेतला वाळलेला रंग टाचणीने उकरा. पोलादी स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमचं अंग, त्यामुळे परत बसवताना हाताला जाणवेल इतकंच घट्ट. जास्त आवळलं तर आट्या खाल्ल्या जातात आणि मग त्या अंगाला इलाज नसतो.

तेल कोणतं? घरात डब्ल्यूडी-४० आहे.

तो डबा दारांच्या बिजागऱ्यांसाठी ठेवा. त्यातला पातळ करणारा द्राव सीलना मानवत नाही आणि मागे चिकट थर सोडतो. पेंटबॉल गनचं तेल म्हणून छोटी बाटली मिळते, ती वर्ष-दोन वर्षं पुरते. खेळाच्या दिवशी सकाळी जोडात दोन-तीन थेंब आणि रिकाम्या पाच-दहा फेऱ्या. बॅरलमध्ये तेल नको. तेलकट बॅरलमधून गोळी वाकडी जाते.

वेग कसा जुळवू?

क्रोनोग्राफशिवाय, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राशिवाय, नाही. मैदानांची कमाल मर्यादा साधारण ३०० फूट प्रति सेकंद असते आणि बरीच मैदानं २८०च मागतात. २८० म्हणजे सेकंदाला सुमारे ८५ मीटर. दुरुस्तीनंतर, नवी स्प्रिंग टाकल्यावर, बाटली बदलल्यावर, दर वेळी पुन्हा मोजायचं. वेगाचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की वेग घटतो, उलट फिरवला की वाढतो. पाव फेरी, चार गोळ्या, वाचन. स्क्रू अंगाच्या पृष्ठभागाबाहेर येईल इतका उलट फिरवू नका. सकाळच्या गारव्यात जुळवलेली गन दुपारच्या उन्हात वेगवान होते, म्हणून जेवणानंतर परत मोजा.

असं का होतं? आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी हवा चालेल का?

बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २१ अंश सेल्सियसला सुमारे ८५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), ० अंशाला सुमारे ५००. त्यात भराभर झाडताना द्रवाची वाफ होते आणि वाफ होताना तो बाटलीतली उष्णता ओढून घेतो, बाटलीवर दव धरतं. नोव्हेंबरच्या ओहायोत दहा-बारा गोळ्यांनंतर गन दमते ती याच कारणाने. बाटली उलटी धरलीत तर थेट द्रव व्हॉल्व्हमध्ये शिरतो आणि ओ-रिंग गोठून कडक होतात.

उलट टोक उन्हाळ्याचं. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि दाब झपाट्याने चढतो. काठोकाठ भरलेली बाटली बंद गाडीत ठेवली तर तिची सुरक्षा चकती फुटते. फुटायलाच हवी, ती त्यासाठीच आहे. तिच्या जागी दुसरं काही बसवायचं नाही. बाटली नेहमी वजन करून भरून घ्या. २० औंसांची असेल तर २० औंस, त्याहून थेंबभरही नको.

दाबाखालची हवा ९८ला उत्तम चालते. रेग्युलेटरमुळे दाब ८०० ते ८५० पीएसआयच्या आसपास स्थिर राहतो, थंडीचा त्रास नाही, सीलही जास्त टिकतात. जवळच्या मैदानावर हवा भरून मिळत असेल तर मी हवाच घ्या म्हणेन. धाग्यांचं आवरण असलेल्या हलक्या बाटल्यांचं आयुष्य मात्र साधारण १५ वर्षं धरतात. जुनी घेताना बनवल्याची तारीख वाचा.

सुटे भाग मिळतात का? दुसऱ्या मॉडेलचं बॅरल बसेल?

मिळतात, आणि ९८ घेण्याचं ते मोठं कारण आहे. ओ-रिंगचा संच, व्हॉल्व्ह, सीअर, स्प्रिंगा ऑनलाइन सहज सापडतात. बॅरल घेताना "टिपमन ९८च्या आट्या" असं स्पष्ट लिहिलेलं बघा. ए-५ही टिपमनचीच, पण तिच्या आट्या वेगळ्या. जबरदस्तीने बसवायला जाल तर दोन्हीचं नुकसान.

गराजमध्ये चाचणी घेताना मास्क लागतो का?

लागतो. गोळी न भरतासुद्धा. आत एखादी राहिलेली असू शकते, आणि १७ मिलिमीटरची, सुमारे ३ ग्रॅमची गोळी जवळून डोळ्याला लागली तर डोळा जातो. चष्मा किंवा कारखान्यातला गॉगल चालत नाही, पेंटबॉलचाच मास्क हवा. जुन्या गनबरोबर फुकट आलेल्या मास्कची काच वापरू नका, नवी काच घाला. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं डोळ्यांना दिसत नाही. झाडत नसाल तेव्हा बॅरलवर कापडी आवरण चढवलेलं असू द्या. हे मुलांना शिकवायचं तर आधी मोठ्यांनी पाळायला हवं.

दुरुस्त करण्यात अर्थ नाही हे कसं ओळखू?

अंगाला तडा गेला असेल, किंवा बाटली जिथे बसते तिथल्या आट्या खाल्ल्या असतील, तर थांबा. पहिल्या बाबतीत चांगले भाग काढून दुसऱ्या गनसाठी जपून ठेवा. दुसऱ्या बाबतीत तो जोड स्वतंत्र बदलता येतो, पण वेल्डिंग किंवा भरणा करून वापरायचा नाही. बाकी गंज, ओरखडे, गेलेला रंग यांची काळजी नको.

हंगाम संपल्यावर गन कशी ठेवू?

बाटली काढून, नळी रिकामी करून, कॉक न करता, म्हणजे मोठी स्प्रिंग मोकळी राहते. आत तेलाचे दोन थेंब. हॉपर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून वेगळं ठेवा, उरलेल्या गोळ्या वापरून टाका. मी पिशवीच्या आत एक चिठ्ठी ठेवतो: कुठली ओ-रिंग कधी बदलली, बाटलीची पुढची चाचणी कुठल्या महिन्यात. पुढच्या एप्रिलमध्ये पिशवी उघडली की काम कुठून सुरू करायचं ते कळतं.